रायगडावर कोण म्हणून जाणार? शिवकालीन पोशाखाविषयीच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: "आमच्या गावच्या मंडळातली पंचवीस मुलं-मुली ६ जूनला शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी रायगडावर जाणार आहेत. सगळ्यांनी खरा शिवकालीन पोशाख करायचा असं ठरलं आहे. भाड्याने आणावा की शिवून घ्यावा? माणशी दोन हजारांत बसेल का? आणि मुळात तो पोशाख होता कसा?"

दोन हजारांत बसेल. एकच अट आहे. पंचवीसच्या पंचवीस जणांनी सरदार व्हायचं नाही.

मी बावीस वर्षं ऐतिहासिक पोशाख शिवते. सुरुवात नाटकाच्या ड्रेपरीतून, म्हणजे नाटकाला कपडे पुरवण्याच्या कामातून झाली, पुढे मिरवणुका, शाळांची संमेलनं, गडांवरचे सोहळे. इतक्या वर्षांत आलेल्या बहुतेक ऑर्डरी एकाच साच्याच्या: साटीनचा चकचकीत अंगरखा, छातीवर सोनेरी लेस, डोक्याला तयार जिरेटोप, कपाळावर चंद्रकोर. मंडळातला प्रत्येक मुलगा तोच पोशाख करतो आणि मग त्या गर्दीत कुणीच कुणी राहत नाही. म्हणून मी कापडाच्या आधी एक प्रश्न विचारते: तुम्ही त्या दिवशी गडावर कोण होता?

६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. त्या दिवशी रायगडावर अष्टप्रधान होते, सरदार होते, इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडनही होता. पण सोहळा उभा राहिला तो पालखीच्या भोयांवर, मशालजींवर, अब्दागिरी धरणाऱ्यांवर, पाणी भरणाऱ्या बायकांवर, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांवर, कातडी पखालीतून पाणी वाहणाऱ्या पखालजींवर, तटावर पहारा करणाऱ्या मावळ्यांवर. तुमच्या पंचवीस जणांत दोघं-तिघं दरबारी करा, बाकीच्यांना ही माणसं वाटून द्या. प्रत्येकाला आपलं काम माहीत असलं की उभं राहण्याची पद्धतसुद्धा बदलते. शिवाय साध्या माणसाचा पोशाख साध्या कापडाचा असतो, म्हणून तो खराही होतो आणि स्वस्तही.

आणखी एक. महाराजांची भूमिका कुणालाही देऊ नका. गडावर त्यांची मूर्ती आहे, पालखी आहे. आपण त्यांच्यापुढे रयत म्हणून उभं राहावं, हे माझं ठाम मत आहे.

आता पुरावा कुठे बघायचा? महाराजांची समकालीन म्हणावीत अशी चित्रं गोवळकोंडा शैलीतली आहेत आणि त्यांतली काही युरोपातल्या संग्रहांत आहेत. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेल्या चित्रामुळे महाराजांची खरी छबी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. इटालियन प्रवासी मनुची याच्यासाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने काढलेलं घोड्यावरचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ही चित्रं मोठी करून बघा. अंगात जामा, कमरेला शेला घट्ट गुंडाळलेला, पायांत तंग सुरवार, डोक्याला बसकं, किंचित कललेलं पागोटं आणि त्यावर तुरा. पुढच्या बाजूला बटणांची रांग नाही. जमिनीवर लोळणारी मखमली झूल नाही.

साध्या माणसांसाठी मी अशा चित्रांच्या कडा बघते. मधला राजपुरुष सोडून द्यायचा आणि चवरी ढाळणारा, घोड्याबरोबर पायी चालणारा, ढाल घेऊन मागे उभा असलेला शिपाई निरखायचा. बांधणी, लांबी, गाठी सगळं तिथे सापडतं. मनुचीच्या त्या चित्रातही घोड्याबरोबर पायी चालणारे शिपाई आहेत.

पुरुषांपासून सुरुवात करू. शेरवानी नको. दुकानदार "राजेशाही" म्हणून तीच गळ्यात मारतात, पण शेरवानी एकोणिसाव्या शतकातली आहे. तुम्हाला हवा तो जामा. त्याचा वरचा भाग अंगालगत असतो, एक पल्ला दुसऱ्यावर तिरका येतो आणि काखेखाली बंदांनी बांधला जातो. कमरेपासून खाली घेर. बाह्या हातापेक्षा वीतभर लांब कापायच्या, म्हणजे मनगटाशी आपोआप चुन्या पडतात. त्या काळच्या दरबारी चित्रांत हिंदूंचे बंद डाव्या काखेखाली आणि मुसलमानांचे उजव्या काखेखाली दिसतात, तेव्हा शिंप्याला कोणती बाजू ते आधी सांगा. ४४ इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर मोठ्या घेराच्या जाम्याला सात ते आठ मीटर लागतं. काखेत चौकोनी तुकडा घालायला विसरू नका. तो नसेल तर भाला उचलताना पहिल्या तासातच शिवण उसवते.

हा जामा तुमच्या दोघा-तिघांसाठी. बाकीच्या मुलांना गुडघ्यापर्यंतचं धोतर किंवा चोळणा, म्हणजे आखूड विजार, वर आखूड बंदांची बंडी, कमरेला शेल्याऐवजी साधं सुती कापड आणि डोक्याला मुंडासं. काहींनी उघड्या अंगावर नुसतं घोंगडं घेतलं तरी चालेल. बंदांचा कपडा अंगावर कसा बसतो हे पाहायचं असेल तर मकरसंक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलणारे मानकरी पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यात असतात. तो कपडा कुणी संग्रहालयात बघून पुन्हा घडवलेला नाही, पिढ्यान् पिढ्या घातला जातोय. घाम, धक्काबुक्की, खांद्यावरचं ओझं यांत बंद कसे टिकतात, कुठे सैल सोडतात, कुठे आवळतात, हे मी तिथे उभी राहून शिकले.

जिरेटोपाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. जिरे म्हणजे कड्यांचं चिलखत. जिरेटोप हे लढाईतलं शिरस्त्राण. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता. म्हणजे टोप आत, कापड वर. आज बाजारात पुठ्ठ्यावर मखमल चिकटवून, मोत्यांच्या माळा सोडून जे विकतात ते त्या दरबारी पागोट्याची नक्कल करू पाहतं आणि नाव मात्र शिरस्त्राणाचं लावतं. मावळ्याच्या डोक्यावर तर ते अजिबात नको. मुंडाशाला पाच-सहा मीटर पातळ सुती कापड घ्या, त्याला लांबीत सैलसर पीळ द्या आणि कपाळावरून तिरकं फिरवत बांधा. शेवटचं टोक मागे खोचा. दहा वेळा बांधलंत की हात बसतो. प्रत्येकाने स्वतःचं स्वतः बांधायला शिकायचं. एकाने पंचवीस जणांची बांधली की सगळी सारखी दिसतात, आणि गडावर सुटलं की दुसऱ्याला शोधत फिरावं लागतं.

पुणेरी पगडीही नको. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपली शान आहे, पण ती एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याची आहे. १६७४च्या रायगडावर ती दिसली की सगळा काळ मोडतो.

कापड हा या कामाचा पाया आहे. शिवण थोडी चुकली तर पाच हातांवरून दिसत नाही, पण कापड चुकलं की पन्नास हातांवरून दिसतं. साटीन, पॉलिस्टर, वेल्वेट, चमकी यांतलं काहीही नको. मांजरपाट (साधं बिनरंगी सुती कापड), खादी, मलमल, हातमागाचं जाडंभरडं सूत घ्या. नवीन मांजरपाट कडक आणि पिवळट असतं, ते दोन-तीनदा धुऊन, पिळून, उन्हात वाळवून मगच कापा. आधी शिवलंत तर पहिल्या धुण्यात आटतं आणि बाह्या कोपराकडे सरकतात.

रंगांचं एक साधं गणित आहे. रासायनिक रंगाचा शोध १८५६ सालचा. त्याआधी कापडाचा जवळजवळ प्रत्येक रंग झाडातून, मुळातून, फुलातून, किड्यातून किंवा मातीतून यायचा. निळीचा निळा, मंजिष्ठेचा आणि आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी-केशरी, पळसाच्या फुलांचा पिवळसर नारिंगी, हिरडा आणि लोखंडाचा काळा. म्हणून झगझगीत पोपटी, राणी, चमकता भगवा हे रंग दिसले की डोळ्याला खटकतं, कारण समजत नसलं तरी. वेळ असेल तर घरी रंगवा. कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यातून काढायचं, मग मंजिष्ठेच्या काढ्यात मंद आचेवर ठेवायचं. विटकरी लाल येतो. दोन पातेल्यांतून दोन वेगळ्या छटा येतात आणि तेच छान दिसतं. पंचवीस जणांचा लाल एकसारखा असणं हीच आजची खूण आहे.

वेळ नसेल तर बिनरंगी मांजरपाट वापरा. गर्दीत मळकट पांढरा जास्त, मध्ये थोडा लाल, थोडा निळा असं असू द्या.

शिलाई मशीनही तेव्हा नव्हतं. आतल्या लांब शिवणी मशीनवर मारायला माझी हरकत नाही, पंचवीस नग हाताने शिवून होणार नाहीत. पण गळा, कडा, बंद, जे बाहेर दिसतं ते हाताने तुरपा. चेन, हुक, प्रेस बटण, वेल्क्रो काहीही नको. गुंडी किंवा बंद.

आता मुलींबद्दल. नऊवार म्हणजे आजच्या मापात सव्वाआठ मीटर. अख्खं लुगडं घ्या आणि नेसायला शिका. शिवलेली तयार नऊवारी या सोहळ्याला चालणार नाही. मी ती शिवून विकते, पाडव्याच्या शोभायात्रेत दुचाकी चालवणाऱ्या मुलींसाठी ती सोयीची आहे, लहान मुलींसाठीही. "पेशवाई नऊवारी", "मस्तानी नऊवारी" ही नावं मात्र आमच्या शिलाईच्या दुकानांतली आहेत, इतिहासातली नाहीत. शिवलेल्या साडीच्या निऱ्या सुटत नाहीत, हीच तिची अडचण आहे. नेसलेलं लुगडं चालताना वर खोचता येतं, पाण्यातून जाताना आवरता येतं, थंडी वाजली तर पदर अंगभर घेता येतो. बाई काम करताना ते सतत हातात असतं. ती हालचाल शिवलेल्या साडीत येतच नाही.

नेसणं अवघड नाही. गाठ कमरेला पक्की मारायची, एका बाजूला पदराची लांबी सोडायची, पुढे निऱ्या घालायच्या, मधला भाग पायांमधून मागे घेऊन कासोटा खोचायचा. उंच चढायचं असेल तर कासोटा आखूड ठेवा. कोळणीची, शेतकरीण बाईची, ब्राह्मण घरातली, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. घरात आजी किंवा पणजी असेल तर आधी तिच्याकडे जा. माझ्याकडच्या निम्म्या युक्त्या माझ्या आजेसासूबाईंच्या आहेत. त्या एका हाताने कासोटा घालायच्या, दुसऱ्या हातात घागर असायची.

पैठणी नको, निदान सगळ्यांना नको. रेशमाची आणि खऱ्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या जरीची पैठणी वाड्यातल्या बाईच्या अंगावर असेल, पाणी भरणारीच्या नाही. आणि आजची तिनशे रुपयांची प्लॅस्टिक जरीची "पैठणी" तर दोघींच्याही अंगावर नको. साधं सुती लुगडं, इरकली काठाचं मिळालं तर उत्तम. इरकल म्हणजे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं इळकल, तिथे पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला वळसे घालून जोडतात, त्यामुळे पदर वेगळा उठून दिसतो. चोळीला गुळेदगुड्डचा खण. चोळी पुढे गाठ मारायची, पाठीवर डोरी आणि लटकन नको. फुग्यांच्या बाह्यांचा पोलका एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा आहे.

कपाळाला टिकलीचं पाकीट नको. आधी मेण, वर कुंकू. हे केलं की चेहरा कसा बदलतो ते आरशात बघा. आकार आडवा, गोल, कसाही चालेल. सगळ्यांची चंद्रकोर हा गेल्या काही वर्षांतल्या मालिकांचा परिणाम आहे. नथीबद्दल मला नेहमी विचारतात. भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी दाखवून दिलं आहे की प्राचीन भारतीय साहित्यात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख नाही, तो पुढे मध्ययुगात आला. म्हणजे शिवकाळात नथ चालते. पण कामकरी बाईच्या नाकात मोत्यांची भली मोठी बानू नथ नको, लहान चमकी पुरे. गळ्यात काळे मणी, हातात काचेच्या बांगड्या. केस मोकळे नकोत, अंबाडा घाला.

जूनचा रायगड हा वेगळाच विषय आहे आणि दर वर्षी मुलं तिथेच फसतात. सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी धुकं आणि पाऊस, सगळं एका दिवसात होतं. वर सुमारे दीड हजार पायऱ्या. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मंडळासाठी मी अस्तरासकट मखमलीचे अंगरखे शिवले होते. दिसायला देखणे होते. मिरवणुकीत चौदा वर्षांचा मुलगा उन्हात चक्कर येऊन पडला. त्याच्या अंगातून तो कपडा काढताना घामाने इतका जड झाला होता की दोघांना ओढावा लागला. चूक माझी होती, मी दिसण्याकडे पाहिलं, मुलाकडे नाही. त्यानंतर मी लहान मुलांना मखमल शिवलेली नाही आणि अंगालगत सुताशिवाय काही घालू दिलं नाही.

पावसासाठी घोंगडं न्या. धनगराकडचं, चिंचोक्याची खळ दिलेलं अस्सल लोकरीचं घोंगडं पाऊस बराच वेळ आत येऊ देत नाही, रात्री पांघरूण होतं, बसायला बैठक होते, कोपऱ्याची खोळ करून डोक्यावर घेतलं की मावळा डोळ्यांपुढे उभा राहतो. पंचवीस नवी घोंगडी परवडणार नाहीत. गावात घरोघरी माळ्यावर पडलेली असतात, मागून आणा. जुनीच चांगली दिसतात.

रंगवलेलं कापड आधी निदान तीनदा धुवा. कच्च्या लालाने शेजाऱ्याचं पांढरं धोतर गुलाबी झालेलं मी पाहिलं आहे.

पायात साध्या कातडी वहाणा. पण भिजलेल्या दगडी पायऱ्यांवर चामडं घसरतं, म्हणून चढताना-उतरताना नेहमीचे बूट घाला आणि वर गेल्यावर बदला. चष्मा असलेल्यांनी चष्मा काढू नका. फोटोसाठी चष्मा काढून पायरी चुकलेली मुलगी मला माहीत आहे. फोटोच्या क्षणापुरता काढा, बास. पैसे आणि फोन ठेवायला कापडी बटवा शिवून द्या आणि तो शेल्याच्या आत बांधा. बायका कनवटीला बांधतील.

शस्त्रांचं थोडक्यात: धार नको, टोक नको, आणि नेण्याआधी स्थानिक पोलिसांकडून परवानगी घ्या. दांडपट्टा, भाला, तलवार फिरवायची असेल तर ती मर्दानी खेळाच्या वस्तादाकडे शिकलेल्यांनीच, तेही गर्दीपासून लांब. फोमची सोनेरी चिलखतं आणि रेक्झिनचे छातीपट्टे तर नकोतच. खरं कड्यांचं चिलखत दहा-बारा किलोंचं असतं, ते घालून पायऱ्या चढायच्या नाहीत. कापूस भरून, आडव्या-उभ्या टाक्यांनी टाचलेली जाड बंडी हे साध्या शिपायाचं संरक्षण म्हणून शोभतं. फक्त ती पहाटे किंवा संध्याकाळी घाला.

भाड्याने आणू का, हे तुम्ही विचारलं होतं. सरदारांचे दोन-तीन पोशाख भाड्याने आणायचे तर आणा, पण जाऊन हात लावून बघा, फोटोवर जाऊ नका. बाकीचे शिवा. धोतर आणि मुंडासं तर शिवावंही लागत नाही, नुसतं फाडून कडा मोडायच्या. बाकीच्या मुलांच्या बंड्या गावातला एक शिंपी आठवड्यात करून देईल. लुगडी घरांतून गोळा करा. उरलेला पैसा घोंगडी आणि कापड रंगवण्यावर घाला.

तुमच्यातल्या कुणी पत्रात पाडव्याच्या शोभायात्रेचंही विचारलं आहे. तिथे एवढं कडक राहायचं कारण नाही, तो आनंदाचा सण आहे, लोकांनी भरजरी घालावं, फेटे बांधावेत. पण त्यातही इतिहास दाखवायचा असेल तर माझा सल्ला आहे की १८५० ते १९००चा काळ निवडा. त्या काळाचे फोटो आहेत, अंदाज लागत नाही. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी जपानी आणि सिरियन मैत्रिणींसोबत आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत, तो फोटो समोर ठेवूनच एखादी मुलगी तयार होऊ शकते. पेशवाई करायची तर स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने पुण्यात येऊन काढलेली सवाई माधवराव आणि नाना फडणिसांची चित्रं बघा, त्याच काळातले पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांची रेखाटनंही बघा. नानांच्या अंगावर साधं पांढरं आहे. आपल्या मिरवणुकांतली पेशवाई जरीने इतकी मढलेली असते की मला नानांची ती पांढरी मलमल दर वेळी आठवते.

सोहळ्याच्या आधी तीन आठवडे एक रविवार काढा. पंचवीसही जणांनी पूर्ण पोशाख घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहायचं. टेकडी चढायची, जमिनीवर मांडी घालून भाकरी खायची, ओढ्यातून चालायचं, एक डुलकी काढायची. कुठे टोचतं, काय सुटतं, कुणाला लघवीला जाताना धोतर आवरत नाही, सगळं त्या दिवशी कळतं. कपडे त्या मातीसकट नुसते झटकून ठेवा, इस्त्री करू नका. आणि निघताना मुंडाशांची सहा कापडं जास्तीची घ्या, गडावर कुणाचं ना कुणाचं भिजतंच.